जन्माची नोंद उशिराची, आईचे नाव वेगळे : आय-४८५ वरच्या आरएफईला उत्तर कसे द्यावे?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. नोकरीच्या आधारावरचा माझा ग्रीन कार्डचा अर्ज, म्हणजे आय-४८५, ऑक्टोबर २०२० मध्ये दाखल झाला. इतकी वर्षे तो तसाच पडून होता आणि आता अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडून, म्हणजे यूएससीआयएसकडून, अतिरिक्त पुराव्याची मागणी, म्हणजे आरएफई, आली आहे. पत्रावरच्या तारखेपासून एकोणीस दिवस उलटले आहेत. त्यातले आठ दिवस पत्र कंपनीच्या वकिलांकडे होते, ते माझ्या हातात आजच पडले.

पत्रात तीन गोष्टी मागितल्या आहेत. पहिली म्हणजे जन्माचा पुरावा. माझा जन्म १९८६ साली आईच्या माहेरी, घरीच झाला. त्यावेळी नोंद करायची राहून गेली. २००८ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेला यायचे ठरले तेव्हा आजोबांनी अर्ज केला आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती नोंद झाली. अर्ज आजोबांचा असल्यामुळे दाखल्यावर आईचे माहेरचे नाव आले आहे. तिच्या पासपोर्टवर आणि माझ्या आय-४८५ वर मात्र लग्नानंतरचे नाव आहे, आणि आमच्याकडे अनेकींचे बदलते तसे तिचे आडनावच नव्हे तर पहिले नावही लग्नात बदलले होते. त्यामुळे दोन्ही नावे शेजारी ठेवली तर ती एकाच स्त्रीची आहेत हे परक्या माणसाला कळणे कठीण आहे. दुसरी मागणी नव्या वैद्यकीय तपासणीची, म्हणजे आय-६९३ ची आहे. तिसरी मागणी, मी अर्जाच्या दिवसापर्यंत कायदेशीर स्थितीत होते याच्या पुराव्याची. २०१८ मध्ये एक एच-१बी (परदेशी कुशल कर्मचाऱ्यांच्या व्हिसावरची) नोकरी सुटून दुसरी लागेपर्यंत ४१ दिवसांचा खंड पडला होता, त्याचीच मला धास्ती वाटते.

वकिलांच्या कचेरीतून उत्तर आले की जन्मदाखल्याची प्रत पुन्हा पाठवू, तेवढे पुरेल. पण तोच दाखला त्यांच्याकडे आधीपासून असताना पुन्हा मागितला आहे, म्हणजे तो अपुरा वाटला असणार, असे मला वाटते. वडील आता हयात नाहीत, आजोबाही नाहीत. वैद्यकीय अहवाल आधी पाठवून जन्माचे कागद नंतर पाठवले तर चालतील का? मुदत वाढवून मिळते का? आणि प्रतिज्ञापत्रे कोणाची घ्यावीत? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण घाबरून जाऊ नये. आरएफई म्हणजे नकार नव्हे. अर्ज अजून जिवंत आहे आणि अधिकाऱ्याच्या मनात नेमकी कोणती शंका आहे हे त्याने लेखी कळवले आहे, असेच या पत्राकडे पाहावे. नकार देण्याचा इरादा असल्याची नोटीस वेगळी असते. तिला लोक नॉइड म्हणतात, आणि तिच्या उत्तरासाठी जास्तीत जास्त तीस दिवस मिळतात.

मुदतवाढ मिळत नाही, हे आधी स्पष्ट करतो. ८ सीएफआर १०३.२ या अमेरिकी संघीय नियमानुसार आरएफईला जास्तीत जास्त बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस देता येतात, आणि पत्र टपालाने आले असेल तर अमेरिकेतल्या पत्त्यासाठी आणखी तीन दिवस धरले जातात. त्यापुढे वेळ देण्याची मुभा नियमाने अधिकाऱ्याला ठेवलेलीच नाही. कोविडच्या काळात साठ दिवसांची सवलत होती, पण ती २३ मार्च २०२३ पर्यंत निघालेल्या पत्रांपुरती होती. जुने सल्ले वाचून कोणी तिच्यावर विसंबू नये. आपल्या पत्रावर जी तारीख छापलेली आहे ती उत्तर पोहोचण्याची तारीख आहे, पाकीट टपालात टाकण्याची नव्हे. ती शनिवारी, रविवारी किंवा संघीय सुट्टीच्या दिवशी येत असेल तर पुढचा कामाचा दिवस धरला जातो, पण त्या हिशेबात शिरण्याची वेळ स्वतःवर येऊ देऊ नका.

तुकड्यातुकड्यांनी उत्तर देता येत नाही. नियमाने आपल्यापुढे तीनच वाटा ठेवल्या आहेत : मागितलेले सगळे एकत्र पाठवणे, जे आहे तेवढेच पाठवून त्यावर निर्णय मागणे, किंवा अर्ज मागे घेणे. याचा अर्थ असा की आपण आज वैद्यकीय अहवाल पाठवला तर ते अपुरे उत्तर ठरेल आणि त्या दिवशी फायलीत जे असेल त्यावरच निर्णय होईल. नंतर आलेले पाकीट अधिकाऱ्याने उघडून पाहिलेच पाहिजे, असे त्याच्यावर बंधन नाही.

वकिलांच्या उत्तराविषयी आपली शंका रास्त आहे. जो कागद पाहून प्रश्न पडला, तोच कागद पुन्हा दाखवून त्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. आपण त्यांना लेखी विचारावे की पत्रातल्या कोणत्या वाक्याला कोणत्या कागदाने उत्तर देणार आहोत. हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही, अर्ज आपला आहे. पत्र ओळीओळीने वाचताना ‘आणि’ व ‘किंवा’ हे दोन शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. अनेक मागण्यांमध्ये चार पर्याय दिलेले असतात आणि एक पुरेसा असतो. काही ठिकाणी मात्र चारही हवे असतात, आणि घाईत वाचणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

प्रतिसाद २

जन्माच्या पुराव्याबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या पत्नीच्या अर्जात हाच प्रश्न आला होता आणि आम्ही त्यावर दोन महिने घालवले.

पुराव्याची एक उतरंड आहे. सर्वांत वर मूळ नोंद, म्हणजे निबंधकाने दिलेला दाखला. तो नसेल किंवा मिळूच शकत नसेल तर दुय्यम पुरावा, म्हणजे शाळेची किंवा धार्मिक संस्थेची नोंद. तेही नसेल तर, अर्जात पक्षकार नसलेल्या आणि त्या घटनेची प्रत्यक्ष माहिती असलेल्या किमान दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे. अनेक जण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात आणि आत्या-मामांची चार प्रतिज्ञापत्रे जोडून मोकळे होतात. तसे करू नये.

आपल्याकडे वरच्या पायरीवरचा कागद आहे, फक्त तो उशिरा केलेल्या नोंदीचा आहे. भारतात जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे आणि देशाच्या बहुतेक भागात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. अमेरिकेचे परराष्ट्र खाते प्रत्येक देशातली कोणती कागदपत्रे ग्राह्य धरावीत याची यादी प्रसिद्ध करते आणि अधिकारी तीच पाहतात. १९७० च्या आधी जन्मलेल्यांना नोंद नसण्याचे कारण सहज पटवता येते. आपला जन्म १९८६ चा असल्यामुळे ती सबब आपल्याला उपलब्ध नाही. बावीस वर्षांनी केलेली नोंद बेकायदेशीर मुळीच नाही, कारण वर्षानंतरच्या नोंदीसाठी तेव्हा प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे आणि तो आपण घेतलेला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून हे अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेले आहेत, पण आपल्या जुन्या आदेशावर त्याचा परिणाम होत नाही. तेव्हा पहिले काम हे, की २००८ च्या त्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढायला घरच्या कोणाला तरी उद्याच पाठवा. दाखला कशाच्या आधारावर दिला गेला हे त्या नकलेवरून दिसते, आणि बहुतेक लोक नेमकी तीच जोडत नाहीत.

दुसरे काम पहिल्या शाळेतून निर्गम उतारा आणण्याचे. शाळा सोडल्याचा दाखला आपल्याजवळ असेलच, पण तो शाळा सोडताना लिहिलेला असतो. निर्गम उतारा हा शाळेच्या जनरल रजिस्टरमधला, प्रवेशाच्या वेळी केलेल्या नोंदीचा उतारा असतो. आपण १९९१ किंवा १९९२ मध्ये पहिलीत गेला असाल तर त्यावेळी जन्मतारीख आणि जन्मस्थळ शाईने लिहिले गेले असेल, आणि तेव्हा आपण कधी अमेरिकेला याल असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. अधिकाऱ्याच्या दृष्टीने या गोष्टीला फार वजन असते. जन्माच्या जितका जवळचा कागद, तितका तो विश्वासार्ह. मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि रजिस्टरचा अनुक्रमांक स्पष्ट उमटला आहे ना, हे तिथेच पाहून घ्यायला सांगा. माझ्या पत्नीच्या उताऱ्यावर शिक्का जन्मवर्षाच्या अंकावरच बसला होता आणि त्यासाठी आम्हाला पुन्हा दोन आठवडे थांबावे लागले.

अनुपलब्धतेचा दाखला आणा, असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. आपल्या बाबतीत तो चुकीचा आहे. नोंद उपलब्ध असताना ती उपलब्ध नसल्याचा कागद आणला तर दोन सरकारी कागद एकमेकांविरुद्ध बोलू लागतील. दाखल्यावरचे आईचे नाव घाईने बदलून घेण्याच्याही भरीस पडू नका. माहेरचे नाव ही चूक नाही, ती खरी माहिती आहे. ती बदलण्याऐवजी समजावून सांगा. आईचे विवाह प्रमाणपत्र, राजपत्रात नाव बदलाची सूचना दिली असल्यास ती, किंवा दोन्ही नावे एकत्र दिसतील असा कोणताही जुना कागद शोधा. काहीच नसेल तर आईच्या प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावे पूर्ण लिहून, ती केव्हा आणि का बदलली, हे एका परिच्छेदात सांगा.

आता प्रतिज्ञापत्रांकडे येतो. आई हयात आहे, हे आपले भाग्य. नोकरीच्या आधारावरच्या अर्जात ती पक्षकार नसते, त्यामुळे तिचे प्रतिज्ञापत्र चालते. दुसरे, जन्माच्या वेळी घरात असलेल्या आणि तेव्हा जाणत्या वयाच्या नातेवाइकाचे घ्या. प्रतिज्ञापत्रात देणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, त्याची स्वतःची जन्मतारीख आणि जन्मस्थळ, आपल्याशी नाते, आणि ही माहिती त्याला कशी आहे, हे आले पाहिजे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. नोटरीकडचा तयार मसुदा सहसा असा असतो : ‘मी अर्जदारास जन्मापासून ओळखते व तिची जन्मतारीख खरी आहे.’ यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी मावशीने असे सांगितले तर : ‘मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बहीण बाळंतपणासाठी आमच्या घरी आली होती. पहाटे मी स्वतः सुईणीला बोलावून आणले आणि मुलगी झाल्यावर तिला पहिल्यांदा माझ्याच हातात दिले.’ असे चार वाक्यांचे खरे निवेदन सहा शिक्क्यांच्या कोऱ्या मसुद्यापेक्षा मोलाचे ठरते. मात्र मावशीला जे आठवते तेच लिहावे. नसलेली आठवण कोणाच्या तोंडी घालू नये आणि नसलेला कागद तयार करवून घेऊ नये. खोट्या माहितीच्या आधारे लाभ मिळवण्याचा प्रयत्न ठरला तर अमेरिकेत प्रवेशासाठी अपात्रता येते आणि तिला काळाची मर्यादा नाही.

आईला इंग्रजी येत नसेल तर इंग्रजी मजकुरावर तिची सही घेऊ नका. प्रतिज्ञापत्र मराठीत करा आणि पूर्ण इंग्रजी भाषांतर सोबत जोडा. भाषांतर परिपूर्ण व अचूक आहे आणि आपण दोन्ही भाषांत सक्षम आहोत, असे प्रमाणित करून भाषांतरकाराने सही करायची असते. त्यासाठी व्यावसायिक भाषांतरकारच हवा असा नियम नाही, पण आपल्याच अर्जातल्या कागदाचे भाषांतर आपण स्वतः करू नये, असे माझे मत आहे. निर्गम उताऱ्यावरच्या शिक्क्यातली अक्षरे आणि समासातला शेरासुद्धा भाषांतरात आला पाहिजे.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही उत्तरांना पूर्ण सहमती देऊन स्वतःची एक चूक सांगतो, म्हणजे ती आणखी कोणी करू नये.

पत्नीसाठी मी केलेल्या अर्जावर, आमचे लग्न खरे असल्याचे अधिक पुरावे द्या, अशी मागणी आली होती. उत्साहाच्या भरात मी तीन आठवड्यांत संयुक्त बँक खात्याची विवरणपत्रे आणि भाडेकरार पाठवून दिला. सोबतच्या पत्रात मी लिहिले की विमा पॉलिसीवरचे वारसाचे नाव आणि मित्रांची प्रतिज्ञापत्रे महिनाभरात पाठवतो. मला वाटले की मी तत्परता दाखवत आहे. दुसरे पाकीट मी मुदतीच्या कितीतरी आधी पाठवले, पण निर्णय पहिल्याच पाकिटावर झाला होता आणि तो नकाराचा होता. पुन्हा नवा अर्ज, पुन्हा शुल्क, आणि मधले सव्वा वर्ष आम्ही दोन देशांत दोघे वेगवेगळे. ते पहिले पत्र आजही माझ्या कपाटात आहे, त्यात ‘महिनाभरात’ हा शब्द माझ्याच हस्ताक्षरात आहे.

म्हणून विनंती करतो की सगळे कागद हातात येईपर्यंत पाकीट बंद करू नका. एखादा कागद अखेरपर्यंत मिळालाच नाही तर तो मागण्यासाठी केलेला अर्ज, त्याची पोच आणि कार्यालयाचे उत्तर जोडा आणि त्याच्या जागी दुसरा कोणता पुरावा देत आहात ते लिहा. ‘नंतर पाठवतो’ असे मात्र कुठेही लिहू नका.

नकार आलाच तर काय, हेही सांगून ठेवतो. मुदतीत उत्तर न दिल्यामुळे अर्ज सोडून दिला असे धरून नाकारला, तर त्यावर अपील नसते. आय-२९०बी या फॉर्मवर प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती तीस दिवसांत करता येते, पण त्याची कारणे मोजकी आहेत : मागितलेला पुरावा महत्त्वाचाच नव्हता, तो वेळेत दिलेला होता, किंवा पत्र चुकीच्या पत्त्यावर गेले. पत्ता बदलल्यास दहा दिवसांत कळवण्याचा नियम किती मोलाचा आहे, हे अशा वेळी समजते.

प्रतिसाद ४

४१ दिवसांच्या खंडाची धास्ती वाटण्यासारखे मला काही दिसत नाही, पण त्यासाठी एक गोष्ट आपण सांगितलेली नाही. २०१८ नंतर आणि आय-४८५ दाखल होण्याआधी आपण देशाबाहेर जाऊन परत आला होता का?

हे विचारण्याचे कारण असे. १७ जानेवारी २०१७ पासून एच-१बी धारकाला नोकरी सुटल्यावर साठ दिवसांपर्यंत, किंवा आय-९४ ची, म्हणजे प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या मुक्कामाच्या नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, सवलतीचा काळ मिळतो. त्यामुळे आय-९४ चालू असेल तर ४१ दिवस त्यातच बसतात. शिवाय नोकरीच्या आधारावरच्या अर्जदारांसाठी कायद्यात कलम २४५(के) आहे. शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर स्थिती मोडल्याचे किंवा विनापरवाना काम केल्याचे एकूण दिवस १८० पेक्षा अधिक नसतील तर अर्ज त्या कारणाने अडत नाही. मोजणी शेवटच्या प्रवेशापासून होते. म्हणजे आपण २०१९ मध्ये बाहेर जाऊन एच-१बीवर परत आला असाल तर २०१८ चा खंड या हिशेबात येतच नाही. आय-९४ च्या संकेतस्थळावरून प्रवासाचा इतिहास छापून घ्या, शेवटच्या प्रवेशाचा शिक्का असलेल्या पासपोर्टच्या पानाची प्रत लावा, आणि तिथपासून अर्जाच्या दिवसापर्यंतचे पे-स्टब (पगाराच्या पावत्या), डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचे व कराचे विवरण) आणि आय-७९७ (यूएससीआयएसच्या मंजुरीच्या सूचना) क्रमाने लावा. दोन्ही बाजू पत्रात मांडाव्यात : आधी प्रवेशाची, मग साठ दिवसांची.

वैद्यकीय तपासणीचे थोडक्यात सांगते. तपासणी यूएससीआयएसने नेमलेल्या सिव्हिल सर्जनकडेच करायची, आणि आय-६९३ ची आवृत्ती चालू आहे ना ते तारीख घेतानाच विचारायचे. लसीकरणाच्या जुन्या नोंदी सोबत न्याव्यात, नाहीतर लसी पुन्हा घ्याव्या लागतात. कोविडची लस २२ जानेवारी २०२५ पासून आवश्यक राहिलेली नाही. रक्ताचे अहवाल यायला वेळ लागतो म्हणून ही तारीख याच आठवड्यात घ्या. डॉक्टर अहवाल सीलबंद पाकिटात देतात. ते पाकीट कुतूहलाने सुद्धा उघडायचे नाही. आपल्यासाठी वेगळी प्रत तेव्हाच मागून घ्या.

पाकीट भरताना यूएससीआयएसचे मूळ पत्र सर्वांत वर ठेवा, त्याची प्रत नव्हे. त्याखाली एक-दोन पानांचे उत्तराचे पत्र, मग परिशिष्टे. पत्रात अधिकाऱ्याच्याच क्रमाने जावे : मागणी त्याच्याच शब्दांत, तिच्याखाली आपले उत्तर, आणि कोणत्या परिशिष्टाच्या कोणत्या पानावर ते दिसेल. मूळ कागद मागितले नसतील तर स्वच्छ प्रती चालतात. एका बाजूला छापलेली पाने, बाइंडर नको, जाड पिना नकोत, कारण सगळे स्कॅन होते. पुराव्याचा निकष ‘शंकेला जागाच नको’ असा नाही. २०१० सालच्या एका प्रशासकीय पूर्वनिर्णयाने स्पष्ट केले आहे की दावा खरा असण्याची शक्यता खोटा असण्यापेक्षा अधिक आहे, एवढे दाखवणे पुरेसे असते. म्हणून तीनशे पानांचा ढीग लावण्यापेक्षा प्रत्येक पान कशासाठी आहे हे कळू द्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी डिसेंबर २०१९ मध्ये भारतात गेले होते आणि जानेवारी २०२० मध्ये एच-१बीवरच परत आले. हा प्रवास महत्त्वाचा ठरेल हे मला कोणी सांगितले नव्हते आणि वकिलांनीही विचारले नव्हते. प्रवासाचा इतिहास आत्ताच छापून घेतला, त्यात तो प्रवेश दिसतो आहे.

भाऊ सोमवारी न्यायालयात आदेशाच्या नकलेसाठी अर्ज करणार आहे आणि तिथूनच शाळेत जाणार आहे. आईशी काल रात्री बोलले. तिच्याकडे लग्नपत्रिका सापडली आहे. तिच्यावर माहेरचे नाव छापलेले आहे आणि मागे वडिलांनी नवे नाव लिहून ठेवले आहे. तो सरकारी कागद नाही हे मला समजते, पण विवाह प्रमाणपत्र नसल्यामुळे आईच्या प्रतिज्ञापत्राला आधार म्हणून तिची प्रत लावावी, असा विचार आहे. जन्माच्या वेळी घरात असलेली मामी आता सत्तर वर्षांची आहे. तिला सगळे आठवते, आणि ती सांगते आहे तसे भाऊ तिच्याच शब्दांत लिहून घेणार आहे.

वैद्यकीय तपासणीची वेळ येत्या गुरुवारची मिळाली. मुदतीच्या वीस दिवस आधी सगळे कागद वकिलांच्या हाती द्यायचे आणि पाठवण्यापूर्वी पूर्ण पाकिटाची स्कॅन केलेली प्रत त्यांच्याकडून मागून घ्यायची, असे त्यांना आज लेखी कळवले आहे.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांकडून

लग्नपत्रिका अवश्य लावा. तिच्या मागचे हस्ताक्षर वडिलांचे आहे, हे आईने प्रतिज्ञापत्रात एका वाक्यात नमूद करावे, आणि पत्रिकेच्या दोन्ही बाजूंचे भाषांतर करून घ्यावे. न्यायालयातून नक्कल मिळायला उशीर होऊ लागला तर अर्जाची पोच जपून ठेवायला भावाला सांगा.